बाळ, बंब आणि धूर

रविवारी सकाळी आपला ग्रुप गाडी काढतो आणि तासभर ड्राइव्ह करून कुठे जातो? 'चुलीवरची मिसळ' खायला! पुण्याबाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, पाट्या तयारच असतात. चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, चुलीवरचा चहासुद्धा. सोमवार ते शुक्रवार एसीत बसून कीबोर्ड बडवणारे आपण वीकेंडला चार पैसे जास्त मोजतो, डोळे चोळत धूर खातो आणि वर सेल्फी काढतो. धूर म्हणजे गाव, धूर म्हणजे आजी, धूर म्हणजे एकदम ओरिजिनल. असा सगळा फंडा आहे.

मला त्यासाठी गाडी काढावी लागत नाही. आमच्याकडे धुराची होम डिलिव्हरी होती. रोज पहाटे पाचला, तीही फुकट!

मी कसब्यात राहतो. कसबा पेठ म्हणजे पुण्याचं मूळ गाव, आणि कसबा गणपती म्हणजे पुण्याचं ग्रामदैवत. आमच्या वाड्यापासून दोन वळणं घेतली की तांबट आळी लागते. तांब्यावर पडणारे हातोड्याचे ठोके तिथे आजही ऐकू येतात. 'टुक टुक' करणाऱ्या त्या छोट्या हिरव्या पक्ष्याला मराठीत तांबट का म्हणतात, हे कळायला इथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. पुण्यातल्या कितीतरी घरांतले बंब याच आळीत घडले. आमचाही. आजीच्या लग्नानंतर वर्षभरात तो घरात आला म्हणे. म्हणजे सध्या वाड्यात राहणाऱ्या बहुतेक मंडळींना तो सीनियर!

ऑफिसात 'आमच्याकडे बंब आहे' असं म्हटलं तर निम्म्या लोकांना अग्निशमन दलाची लाल गाडी आठवते. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीन पायांवर उभी असलेली तांब्याची टाकी. तिच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक आरपार नळकांडं. नळकांड्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीवर जाळ, जाळीखाली राख. नळकांड्याभोवती पाणी. वरून गार पाणी ओतायचं आणि पितळी तोटीतून कढत पाणी बादलीत घ्यायचं. जळण म्हणजे वखारीतून आणलेलं बंबफोड, करवंट्या, नारळाच्या शेंड्या आणि असलीच तर एखादी गोवरी. जाळ पाण्याच्या पोटात ठेवण्याची ही आयडिया ज्याला कुणाला सुचली, त्याला सलाम. चुलीवर पातेलं ठेवलं की निम्मी धग आजूबाजूला उडून जाते. इथे ती जाणार कुठे?

तर गेल्या डिसेंबरात ताई बाळंतपणाला माहेरी आली. पहिलंच बाळ, त्यामुळे आजी फुल फॉर्मात. तिचं टाइमटेबल पाठ होतं. बाळ-बाळंतिणीला मालिश, मग बंबाच्या पाण्यानं अंघोळ, मग शेक-शेगडी, मग ओवा, बाळंतशेपा आणि धूप निखाऱ्यावर टाकून धुरी. ताईचं टाइमटेबल वेगळं. ती बाणेरला चौदाव्या मजल्यावर राहणारी, बॅगेत डायपरच्या शेजारी हवेतले कण मोजणारं छोटं यंत्र घेऊन आलेली. ताईला दिलेली माडीवरची खोली नेमकी न्हाणीघराच्या डोक्यावर. पहिल्याच पहाटे बंब पेटला, धूर जिन्यातून वर चढला आणि त्या यंत्राचा रंग हिरव्याचा केशरी, केशरीचा लाल आणि लालचा थेट जांभळा झाला.

"आजी, बाळाच्या खोलीत धूर येतोय."

"अगं, तुझ्या बाबाला याच पाण्यानं न्हाऊ घातलं. तुला घातलं, याला घातलं." याला म्हणजे मला. "काय झालं तुम्हाला?"

"आजोबांना काय झालं होतं, आजी?"

आजोबा दम्यानं गेले. स्वयंपाकघरात एकदम शांतता. आईनं कुकरची शिट्टी उगाचच नीट बसवली.

या भांडणात माझी पोझिशन जाम अवघड होती. कारण वाड्याचा बंब-इनचार्ज मीच. दहावीपासून हे खातं माझ्याकडे आहे. आजी म्हणते पेटव, ताई म्हणते विझव. आणि दोघी बोलतात मात्र माझ्याशी!

माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. एखादी गोष्ट बिघडली की ती कुठे बिघडते ते शोधायचं, हीच सवय. म्हणून मी धुराच्या मागे लागलो. आणि पहिलीच गोष्ट सॉलिड निघाली. धूर म्हणजे जळलेलं लाकूड नव्हे, तर न जळलेलं लाकूड! लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, मग त्यातून जळाऊ वायू सुटतात. ते ज्वाळेत सापडले तर उष्णता मिळते. ज्वाळेतून निसटून गार झाले की त्यांचा होतो धूर. म्हणजे माडीवर जाणारा प्रत्येक ढग हे आमचंच वाया गेलेलं कढत पाणी. हे आजीला सांगितल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. वाया जाणं तिला चालत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. बंबाचा जो गुण, तोच त्याचा दोष. नळकांड्याभोवती सगळीकडून पाणी असल्यामुळे तांब्याची भिंत शंभर अंशांच्या वर फारशी जातच नाही. ज्वाळ असते कित्येकशे अंशांची. ती त्या भिंतीला टेकली की जळायच्या आत विझते आणि काजळी धरते. पहाटे पाणी गारठलेलं असताना तर सगळ्यात जास्त. त्यात डिसेंबरची हवा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि सूर्य वर येईपर्यंत ते हलत नाही. पाच वाजता आमच्या चौकात सोडलेला धूर सातलाही चौकातच असायचा. दोरीवरच्या कपड्यांना विचारा!

आणि हा धूर नुसता डोळ्यांना झोंबणारा नसतो. त्यातले बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. नाक त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये २४ तासांसाठी यांची मर्यादा एका घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा ६० आहे. आता बाळाचा हिशेब करा. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा श्वास घेतो, तान्हं बाळ चाळीसेक वेळा. तेही झोपून, त्याच खोलीत, दिवसरात्र.

मग आजीच्या खोकल्याचा विषय निघाला. तो घरातल्या घड्याळासारखा होता, कुणाचं लक्षच नसायचं. ताईनं हट्टानं तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि विचारलं, "आजी, घरात सिगरेट, बिडी?" आजीनं असं काही बघितलं की डॉक्टरांनी प्रश्न लगेच बदलला. "बरं, चूल?"

"लग्नाआधी चूल. लग्नानंतर गॅस येईपर्यंत चूल. आणि बंब तर आज सकाळीही होता."

निदान सीओपीडी. आयुष्यात एकही सिगरेट न ओढता सिगरेटवाल्यांचा आजार! आम्ही चकित, डॉक्टर अजिबात नाही. पुण्याचेच डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमका यावरच लेख लिहिला होता, धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी आणि लाकूड, शेण, पालापाचोळ्याचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी, असा तो हिशेब होता. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीवरच्या मिसळीच्या पाटीखाली हे कुणी लिहीत नाही. तिथे आपण तासभर बसतो. भट्टीसमोर उभ्या असलेल्या मावशी दिवसभर असतात.

घरी आल्यावर आजी गप्प होती. रात्री मला म्हणाली, "बंब टाकून द्यायचा नाही. पण पोराला त्रास नको. तुझं ते टेस्टिंग की काय, ते कर."

मग काय, परवानगी मिळाली! ताईला आणि बाळाला रस्त्याकडच्या खोलीत हलवलं, यंत्र जिन्यात ठेवलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून कामाला लागलो.

सुरुवात लाकडापासून. आमचं बंबफोड जिन्याखाली, ओल धरलेल्या भिंतीला टेकून रचलेलं असायचं. ओलं लाकूड जाळायचं म्हणजे आधी त्यातलं पाणी उकळायचं, त्यात धग संपते आणि जाळ नुसता धुमसतो. इंग्लंडमध्ये तर मे २०२१ पासून घरगुती शेगड्यांसाठी कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा असा नियमच आहे. हे तेच इंग्लंड, जिथे डिसेंबर १९५२ मध्ये घराघरांतल्या कोळशाच्या शेकोट्या आणि कारखाने यांच्या धुरानं लंडन पाच दिवस झाकलं गेलं, हजारो माणसं मेली, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. आपल्याकडे ओलावा मोजायचं यंत्र वखारीत कुणी ठेवत नाही, पण कान आहेत. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. 'टण्ण' वाजल्या तर वाळलेल्या, 'थप्प' वाजल्या तर परत उन्हात. आता आमचं बंबफोड देवडीत, फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच असतं.

मग फुकटचं लाकूड बंद केलं. कसब्यात दर वर्षी कुठला ना कुठला वाडा उतरवला जातो. कोरीव खांब आणि तुळया विकत घेणारे आधीच येऊन जातात, उरतात मोडक्या खिडक्या, दारांच्या फळ्या, प्लायचे तुकडे. ते आसपासच्या बंबांत जातात. पण त्या दारांवर रंगाचे पाच-सहा थर असतात. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचं काय? ते शिसं जळून संपत नाही, धुरात आणि राखेत येतं. आणि आमच्याकडे राखेनं भांडी घासायची पद्धत! दुधाच्या पिशव्या पेटवणासाठी वापरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

सगळ्यात मजा आली ती पेटवण्याच्या पद्धतीत. आपण जन्मभर जाळ खालून पेटवतो. खाली कागद, वर बारीक काटक्या, त्यावर जाड लाकूड. मग जाड लाकूड तापतं, वायू सोडतं आणि वर ज्वाळ नसल्यामुळे ते वायू तसेच निसटतात. उलटं करा. जाड फोडी खाली, बारीक वर, सगळ्यात वर शेंड्या, आणि काडी वरून लावा. खालच्या लाकडातून सुटलेल्या वायूंना बाहेर पडायला ज्वाळेतूनच जावं लागतं आणि ते जळतात. लाकडाचा वायू करून जाळणाऱ्या सुधारित शेगड्या याच तत्त्वावर चालतात. पुण्यात १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेली 'आरती' ही संस्था अशा कामासाठी जगात ओळखली जाते. इरावतीबाई कर्वेंचे हे चिरंजीव. उसाच्या पाचटाच्या कोळशासाठी २००२ मध्ये आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी २००६ मध्ये, असं दोनदा या संस्थेला लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालंय. आणि बंबाचं नळकांडं बघा, सरळ उभं, खाली जाळी, वर तोंड. वरून पेटवायला याहून चांगला आकार कोणता? अट एकच. एका वेळचं जळण एकदाच भरायचं. मध्येच वरून मूठभर टाकलं की ज्वाळ दडपते आणि धूर सुरू.

शेवटची गोष्ट जाळीची. पाणी जास्त वेळ गरम राहावं म्हणून खालचं तोंड पत्र्यानं झाकायची आमची जुनी रीत. जाळाचा श्वासच बंद! ती रीत मोडली. तांबट आळीतल्या काकांनी जाळी बदलून दिली, जरा जास्त फटींची. "राख झाडत जा रे, अर्धा धूर त्यानंच होतो," एवढं बोलून ते पुन्हा ठोके घालायला लागले. मी ज्यासाठी चार रविवार घालवले, ते त्यांना माहीत होतं!

निकाल? जांभळ्याचा केशरी झाला. जळणही आधीपेक्षा बरंच कमी लागायला लागलं, आजी खूश. पण हिरवा काही झाला नाही. पेटल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटं आणि विझतानाची शेवटची, यांचं काहीच करता आलं नाही. इथेच माझं मत पक्कं झालं. कमी धूर म्हणजे बिनधूर नव्हे, आणि रोज, बाळाच्या खोलीखाली, कमी धूरसुद्धा नको. आपल्या देशानं १९८० च्या दशकात निर्धूर चुलींचा मोठा सरकारी कार्यक्रम केला, कोट्यवधी चुली वाटल्या आणि २००२ मध्ये तो बंद झाला. कितीतरी चुली मोडल्या, धुराडी तुंबली, आणि बायका पुन्हा आपल्या जुन्या चुलीपाशी. चूल सुधारणं चांगलंच, पण रोज ती नीट कोण सांभाळणार?

म्हणून रोजच्या अंघोळीला पर्याय शोधला. सौर बंब बेस्ट, महापालिका मिळकतकरात सवलतही देते. पण आमचं छप्पर कौलारू आणि वाडा चार भावकीत वाटलेला. चौघांच्या सह्या मिळेपर्यंत बाळ दहावीला जाईल. गॅस गिझरचं नाव मी काढलं आणि मीच खोडलं. न्हाणीघराला एवढीशी खिडकी, आणि बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळूही देत नाही. शेवटी साधा विजेचा गिझर, आधी स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग करून. "वीजसुद्धा कोळशावरच होते ना?" असं ऑफिसातल्या एका हुशार मित्रानं विचारलं. होते, बाबा. पण त्या केंद्राची चिमणी शेकडो फूट उंच असते आणि तिला राख पकडणारी यंत्रणा असते. आमची चिमणी माझ्या कमरेएवढी आणि तिच्यावर बाळाचा पाळणा!

शेगडीचा प्रश्न मात्र आजीनंच सोडवला. बाळाच्या डॉक्टरांनी 'बंद खोलीत निखारे नकोत, धुरी नको' असं स्पष्ट सांगितल्यावर ती दिवसभर फुरंगटून बसली. संध्याकाळी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, त्यात ओवा बांधून पुरचुंडी केली, तव्यावर गरम केली, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि मग ताईची कंबर शेकली. "आमची आई असंच करायची. शेगडी नंतर आली," म्हणाली. खोलीभर ओव्याचा वास, आणि यंत्र हिरवंगार.

बंब आता परसात असतो, जिन्यापासून लांब, मोकळ्या हवेत. इंटीरिअरवाल्या एकानं 'त्यात मनीप्लांट लावू, कॉर्नर पीस सही दिसेल' असं सुचवलं होतं. आजीनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. पेटतो तो फक्त नरकचतुर्दशीला. वाळलेल्या करवंट्या तिनं पावसाळ्याआधीच पोत्यात भरून ठेवल्यात. बाळाची पहिली दिवाळी आहे, ताई बाणेरहून येणार आहे, आणि पाणी बादलीनं माडीवर न्यायचं काम कुणाचं ते सांगायला नको.

परवा फोनवर आजी ताईला सूचना देत होती. दुपटी आण, उटणं मी केलंय, जावयांना सांग उशीर करू नका. आणि फोन ठेवता ठेवता, "ते तुझं रंग दाखवणारं यंत्र आठवणीनं आण गं. हा वरूनच पेटवतो का नाही, ते मला बघायचंय."